टाकळी ढोकेश्वरमार्गे मुंबई
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला दिलेला विषय 'सहल आणि शिक्षण' असा आहे. विषय चांगला आहे, पण त्यावर बोलताना वक्ता हमखास उपदेशाकडे वळतो आणि मागच्या रांगेतली मुले चुळबुळ करू लागतात. म्हणून मी एस.टी.चे तिकीट, भाकरी, समुद्राची भरती, बिबट्या आणि चिमणी यांच्याविषयी बोलणार आहे. शिक्षण त्यात असेल तर ते आपोआप सापडेल.

आपल्याकडे दरवर्षी एक गोष्ट घडते, ती आधी सांगतो. दिवाळीनंतर सहलीची सूचना फळ्यावर लागते. पहिल्या दिवशी नावे देणाऱ्यांची झुंबड उडते. पैसे भरण्याचा दिवस येतो, तेव्हा यादी निम्मी होते. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जी नावे खोडली जातात ती बहुतेक मुलींची असतात. कारणे दोनच, पैसा आणि धास्ती. एका मुलीचे वडील मला म्हणाले, "सर, मुंबई म्हणजे पैसेवाल्यांचे गाव. तिथे पाणीसुद्धा विकत. पोरगी दोन दिवस जाऊन काय आणणार?" हे गृहस्थ बाजारात फळांची गाडी लावतात आणि हिशेबाला माझ्यापेक्षा पक्के आहेत. त्यांच्या प्रश्नाला टाळीचे वाक्य फेकून उत्तर देता येत नाही. ते हिशेबानेच द्यावे लागते, म्हणून हे भाषण.

मुंबई महाग आहे, यात शंका नाही. पण तिथे नेमके काय महाग आहे, हे पाहिले पाहिजे. झोपायची जागा महाग आहे, आणि घाई महाग आहे. घाई असली की माणूस टॅक्सीत बसतो, समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतो, बाटलीचे पाणी घेतो. बाकी जे पाहण्यासारखे आहे ते बहुतांशी फुकट किंवा नाममात्र दरात आहे. जगातल्या बहुतेक महागड्या शहरांचे असेच असते. लंडन किती महाग! पण तिथले ब्रिटिश म्युझियम आणि डायनोसॉरचे सांगाडे असलेले नॅचरल हिस्टरी म्युझियम पाहायला तिकीट नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, तिथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातही प्रवेश फुकट आहे. श्रीमंत शहरे आपली उत्तम वस्तू मोफत दाखवतात आणि चहाचे पैसे दुपटीने लावतात. तेव्हा चहाची व्यवस्था आपण आपली करावी, एवढाच मुद्दा.

कमी पैशात दूर जाण्याची रीत काही नवी नाही. इब्ने बतूता १३२५ साली तंजाहून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. खानकाहात आणि सरायांत मुक्काम करीत तो १३३३ मध्ये सिंधू नदीपर्यंत आला. नदी ओलांडल्यावर त्याने गेंडा पाहिला आणि लिहून ठेवला. पुढे तो आपल्या शेजारच्या दौलताबादेलाही आला, आणि तिथल्या किल्ल्यातील तळघरांमधल्या मांजरापेक्षा मोठ्या उंदरांची गोष्ट त्याने नोंदवली आहे. उंदीर खरोखर केवढे होते ते सोडा. पण शहर पाहायला निघालेला माणूस वाटेतले जनावरही पाहतो, ते लिहितो, आणि म्हणून सातशे वर्षांनंतर आपण त्याचे नाव घेतो.

आता एका प्रवाशाची हकीकत सांगतो. हा प्रवासी आपल्या जिल्ह्यातलाच आणि त्याने मुंबईचा प्रवास एक पैसाही खर्च न करता केला. २००९ सालच्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. आपल्या अकोले तालुक्यात उसाच्या शेतातल्या बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. विद्या अत्रेय आणि वनखात्याचे लोक यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी संपर्क ठेवणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. वयाने मोठा आणि स्वभावाने शांत, म्हणून त्याला नाव पडले 'आजोबा'. हे आजोबा माळशेजच्या जंगलात राहतील अशी अपेक्षा होती. ते राहिले नाहीत. रात्री चालत, दिवसा लपत, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, कसारा रेल्वे स्थानकाच्या परिसरातून, वसईकडच्या कारखान्यांच्या वस्तीजवळून, खाडीचे पाणी पार करून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडील नागला भागात पोचले. सुमारे १२० किलोमीटर, महिनाभराच्या आत. या वाटेवर लाखो माणसे राहतात. एकाच्याही अंगावर तो धावून गेला नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

ही हकीकत वर्गात सांगितली की मुले विचारतात, "सर, तो आपल्या एस.टी.च्याच रस्त्याने गेला का?" अगदी तोच रस्ता नव्हे, पण सुरुवात तीच. नगरहून कल्याणला जाणारी गाडी भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर अशी माळशेज घाटातून उतरते आणि मुरबाडवरून कल्याणला पोचते. पुण्यावरून जाण्यापेक्षा मला ही वाट पसंत आहे. घाटात खिडकीची जागा मिळाली तर निम्मी सहल तिथेच वसूल होते. बिबट्या जिथून निघाला ते गाव, जिथे सोडला तो घाट आणि जिथे गेला ते उद्यान, असा नकाशा मुलांनी आधी वहीत काढावा आणि मग गाडीत बसावे.

तिकिटाचे म्हणाल तर मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व महिलांना निम्म्या दरात प्रवास आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासून आहे. पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. याचा अर्थ असा की घरातली नानी, अम्मी, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा अशी चार माणसे निघाली, तर दोन पूर्ण तिकिटांच्या पैशांत चौघे जातात, आणि नानींनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर त्याहूनही कमी. "मुलीला पाठवणे परवडत नाही" असे म्हणणाऱ्या पालकांनी हा हिशेब पुन्हा एकदा करून पाहावा. मुलापेक्षा मुलीला पाठवणे आज स्वस्त आहे.

कल्याणला उतरले की लोकल. तिकीट पंधरा-वीस रुपयांच्या घरातले. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत मुलाबाळांसह चढू नये. पहाटे पोचा, नाहीतर अकरानंतर निघा. मुलींनी आणि बायांनी महिलांच्या डब्यात बसावे. त्या डब्यातल्या मुंबईकर बाया तोंडाने फटकळ असतात, पण लहान मूल दिसले की सरकून जागा करतात. पुरुषांनी कोणत्या स्थानकावर भेटायचे ते आधीच ठरवून ठेवावे. "उतरल्यावर बघू" ही योजना मुंबईत चालत नाही.

मुक्कामाचा प्रश्न सर्वांत अवघड. आपल्यापैकी अनेकांची खाला, चाचा किंवा मामू मुंब्र्यात, कुर्ल्यात, गोवंडीत असतात. मुंब्रा तर कल्याणहून येणाऱ्या लाइनीवरच. पण पाहुणचाराची मर्यादा ओळखावी. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सहा माणसे झोपतात, तिथे आपण पाच जण पथारी पसरली तर घरधन्याने कुठे जावे? नातेवाइकाकडे एकच रात्र राहावे. जाताना नगरची बाजरी, शेंगदाणे, एखादी गुळाची ढेप न्यावी. रिकाम्या हाताने गेलो, तर पुढच्या वेळी दाराआडून "कितने लोग हो?" असा प्रश्न येतो आणि तो रास्त असतो. शाळेची सहल असेल तर एखाद्या शाळेच्या किंवा जमातीच्या सभागृहात मुक्कामाची परवानगी महिनाभर आधी पत्राने मागावी. पत्रात मुले किती, मुली किती, शिक्षिका किती, नळ-संडासाची सोय लागेल, जेवण आमचे आम्ही, सकाळी जागा झाडून देऊ, हे सगळे स्पष्ट लिहावे. मोघम पत्राला उत्तर येत नाही.

आता पाहायचे काय? मी क्रम सांगत नाही, मला आवडलेले सांगतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात की स्थानकाबाहेर येऊन रस्त्यापलीकडे उभे राहा आणि मागे वळून पाहा. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे. दाराच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेले आहेत. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. त्याशिवाय भिंतींवर मोर, माकडे, पाली-सरडे, नाना पक्षी कोरलेले आहेत. ते कोरण्यात मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मुलांना कागद द्या आणि सांगा, अर्ध्या तासात जास्तीत जास्त दगडी जनावरे कोण मोजतो ते बघू. त्यांना एक पैसा लागत नाही आणि गोंगाटही थांबतो. समोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था काढली. आपल्यासारख्या संस्थेच्या मुलांनी तिच्या दारासमोर दोन मिनिटे उभे राहायला हरकत नाही.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६०-६२ च्या सुमाराची. तिचे प्रवेशशुल्क वर्षानुवर्षे पाच रुपये होते, २०१७ मध्ये ते मोठ्यांना पन्नास आणि लहान मुलांना पंचवीस झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला एकत्र तिकीट शंभराचे ठेवले. तेव्हा एकेकट्याचे तिकीट काढू नका. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला मिळतात. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे आहेत. काचेपलीकडे ते पोहतात तेव्हा मुले इतकी पुढे दाटतात की मागच्यांना काही दिसत नाही. माझे वैयक्तिक मत असे की पेंग्विनपुढे दहा मिनिटे पुरे, बागेतल्या जुन्या झाडांना अर्धा तास द्यावा. बागेतच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे, ते १८७२ मध्ये खुले झाले. त्याच्या बाहेर काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरचा हाच तो हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. बोटीचे भाडे परवडत नसेल त्यांनी बेटाचा हत्ती इथेच पाहावा. एक ध्यानात ठेवा, बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात. राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी सोमवारी बंद. सुटीचा वार न पाहता पोचलेली सहल मी भायखळ्याच्या दारात रडवेली झालेली पाहिली आहे.

पूर्वी सहलीचे ठरलेले ठिकाण म्हणजे तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय आता बंद आहे, ते नव्याने बांधायचे आहे. मासे पाहायचेच असतील तर पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकला जा. १८७५ चा हा धक्का. बोटी लागतात, टोपल्या फेकल्या जातात, लिलाव ओरडून चालतो. बोंबील, सुरमई, पापलेट, मांदेली तर दिसतातच, पण मुशी आणि पाकटही दिसते. आपल्या मुलांनी मुळा-प्रवरेतला मासा पाहिलेला असतो, मुशी नव्हे. जुनी चप्पल घाला, कारण खाली सगळे ओले आणि निसरडे असते. कोळणींच्या वाटेत उभे राहू नका, तो त्यांच्या धंद्याचा वेळ आहे.

समुद्राविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण नगरच्या माणसाला समुद्राची चाल माहीत नसते आणि गैरसोय तिथेच होते. हाजी अलीचा दर्गा पाण्यात आहे आणि भरतीला त्याची वाट पाण्याखाली जाते, हे आपण ऐकलेले असते. पण भरती केव्हा येते? दिवसातून दोनदा येते, दोनदा ओहोटी होते, आणि दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कारण हा सगळा चंद्राचा खेळ आहे. आणि चंद्राची तारीख आपल्या घरात रोज असते! मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे चाँदाची पहिली-दुसरी आणि चौदावी-पंधरावी या तारखांना भर दुपारी हाजी अलीला पोचलात, तर वाट बंद मिळण्याचा संभव आहे. सातव्या-आठव्या चाँदाला उलट, दुपारी ओहोटी असते, पण त्या दिवसांत पाणी फार खालीही जात नाही. नेमकी वेळ मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून येते, ती पाहून निघावे. विद्यार्थ्यांनी एक महिना हिजरी तारखेपुढे भरतीची वेळ लिहून पाहावी. भूगोलाच्या पुस्तकातला तो धडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

ओहोटीला दर्ग्याच्या आसपासचे आणि वरळीचे खडक उघडे पडतात. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुले असतात. एवढ्या मोठ्या शहराच्या कडेला प्रवाळसुद्धा आहे. सागरी किनारा रस्ता बांधताना २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. जियारतीला दरवर्षी हजारो लोक तिथे जातात, पण वाकून डबक्यात पाहणारे किती? वाकून पाहा, हात घालू नका, काही उचलून आणू नका.

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात, साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत. मोठ्या संख्येने, इतक्या की चिखलाचा रंग गुलाबी दिसतो. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली. ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे, तिथून बोटीने जाता येते, पण तिकीट आपल्या खिशाला जड आहे. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे लोकलने जाऊन काठावरून फुकट पाहता येते. भरती चढू लागली की पक्षी काठाकडे सरकतात, म्हणून इथेही चाँदाची तारीख उपयोगी पडते. आणि खरे सांगायचे तर रोहित पाहायला मुंबईच हवी असे नाही. आपल्या कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला उजनीचे पाणी आहे, पलीकडे भिगवण. तिथेही हिवाळ्यात रोहित येतात. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, १९८० सालचे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. मुंबईच्या पिंजऱ्याबाहेर उभे राहून हरिण पाहण्याआधी, आपल्या माळावर मोकळे धावणारे काळवीट मुलांनी पाहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे.

आता बोरिवलीकडे वळू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी शहर. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येते. आत कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. डोंगरावरचे पाणी खोदीव पाटांतून टाक्यांत साठवण्याची तिथली योजना नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलांनी मुद्दाम पाहावी. लेण्यांपाशी माकडे हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाण्याची पिशवी आत दडवून ठेवावी. चितळ दिसतील, मोर दिसेल. बिबट्या दिसणार नाही; तो चाळिसांहून अधिक संख्येने तिथे आहे आणि तुम्हाला पाहत असतो, एवढेच.

बिबट्यांच्या नावाने आपल्याकडे सध्या अंगावर काटा येतो, आणि ते उगाच नाही. अलीकडच्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात आणि जुन्नर-शिरूरकडे बिबट्यांनी माणसे मारली आहेत, लहान मुले मारली आहेत. ज्याच्या घरात हे घडले त्याला निसर्गप्रेम शिकवायला जाऊ नये. पण माहिती असावी. मुंबईतही २००२ ते २००४ या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली होती. इतर भागांतून पकडलेले बिबटे त्या उद्यानात आणून सोडले जात. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष निघाला. नंतर ते सोडणे थांबले, कचरा आणि त्यावर जगणारी मोकाट कुत्री यांच्याकडे लक्ष दिले गेले, वस्त्यांमध्ये जाऊन लोकांना समजावले गेले आणि हल्ले पुष्कळ कमी झाले. अकोल्यातील डॉ. अत्रेय यांच्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, उसाच्या गर्दीत शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे आणि तेवढेच तरस आढळले. त्या काळात तिथे माणसावर प्राणघातक हल्ला झाला नव्हता. संध्याकाळनंतर मुलाला एकटे बाहेर न पाठवणे, उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणे लावून जाणे, अंगणात वाकून काम करताना दिवा ठेवणे, गुरांना बंदिस्त गोठा करणे, हे नियम बोरिवलीच्या पाड्यांवर जसे लागतात तसेच राहुरी-संगमनेरच्या वस्त्यांवर लागतात. सहलीतून ही माहिती घेऊन परतलेला मुलगा घरच्यांच्या उपयोगी पडतो.

काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट मोठ्यांना थोडे चढे आहे, विद्यार्थ्यांना सवलत आहे, शाळेचे पत्र आणि ओळखपत्रे सोबत ठेवावीत. तिथला निसर्ग विभाग चुकवू नका. या संग्रहालयात १९२६ मध्ये एक तरुण गाइड-व्याख्याता म्हणून नोकरीला होता, त्याचे नाव सालिम अली. १८९६ साली मुंबईत जन्म, तीन वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघेही गेलेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीत वाढवले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, असे मामांना विचारले. मामांना सांगता आले नाही, पण त्यांनी पोराला गप्प बसवले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे चिठ्ठी देऊन पाठवले. साहेबांनी कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. त्या एका भेटीतून हिंदुस्थानचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ तयार झाला. पुढे संग्रहालयातली नोकरी गेली, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आपल्या विहिरींवरच्या बाभळींना लोंबतात तीच घरटी. ती नर विणतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, १९८७ मध्ये ते गेले. १८८३ साली निघालेली ती सोसायटी आजही जवळच, हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. मामांच्या त्या चिठ्ठीला खर्च किती आला असेल, पालकांनी विचार करावा.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक नाव सांगतो, जमाल आरा. बिहारमध्ये जन्मलेल्या, शिक्षण जेमतेम दहावीपर्यंत. रांचीकडच्या जंगलांत पक्षी पाहत त्या लिहू लागल्या, त्यांचे लेख याच सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले, आणि मुलांसाठी पक्षिनिरीक्षणावरचे त्यांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले. आजोबा बिबट्याचा अभ्यास करणाऱ्याही बाईच. रात्री उसात कॅमेरे लावायला त्या आपल्या अकोल्यात आल्या होत्या, आणि आपण मुलींना दिवसा, दोन शिक्षिका बरोबर असताना, राणीच्या बागेत पाठवायला कचरतो.

कोणी म्हणेल, सर, इतके फिरायलाच हवे का? नाही, डोळे असले तर चार भिंतीही पुरतात. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पकडले गेले, रेल्वेने नगरला आणले गेले आणि १९४५ पर्यंत आपल्या किल्ल्यात बंदिवान होते. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी उच्छाद मांडला. आधी ते त्यांना हाकलत होते, मग दाणे टाकू लागले, शेवटी चिमण्या हातावर येऊन बसू लागल्या. 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात हे सारे प्रकरण आहे. आपल्या वाचनालयात उर्दू प्रत आहे, मोठ्या मुलांनी वाचावी. पण मौलानांच्या पाठीशी अर्धे जग पाहिल्याचा अनुभव होता, आणि आपल्या मुलांनी अजून माळशेज घाट पाहिलेला नाही.

आता पैशांचा जमाखर्च. जाऊन-येऊन एस.टी., दोन दिवसांच्या लोकल आणि बेस्टची बस, बाग आणि उद्यानाचे प्रवेश, दुपारचा वडापाव, एखाद्या इराण्याकडे बन-मस्का आणि चहा, असे धरून माझा अंदाज मुलीमागे हजार रुपयांच्या आतबाहेर जातो, मुक्काम फुकटाचा असेल तर. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ पासून दहा रुपये झाले आहे, तेव्हा जवळची अंतरे पायी जावीत. पहिल्या दिवसाचे जेवण घरून न्यावे: बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, खजूर. कालवण नेऊ नये, ते पिशवीत सांडते आणि दोन दिवस वास जात नाही. दर महिन्याला शंभर रुपये वर्गशिक्षकांकडे जमा केले, तर जूनपासून मार्चपर्यंत रक्कम पुरी होते आणि कोणाच्या दारात उसने मागायला जावे लागत नाही. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांनी मला एकट्याला येऊन सांगावे. नाव फळ्यावर लागणार नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, म्हणून थांबतो. सभेनंतर मी बाहेरच्या वऱ्हांड्यात टेबल मांडून बसतो. नगर-कल्याण गाड्यांच्या वेळा, सवलतीच्या अर्जाचा नमुना आणि येत्या तीन महिन्यांचे भरतीचे तक्ते तिथे ठेवले आहेत. कोणत्या शिक्षिका बरोबर येणार त्यांची नावेही तिथेच लिहिली आहेत, आणि त्या दोघी तिथे हजर असतील. ज्या मातांना काही विचारायचे असेल त्यांनी त्यांनाच विचारावे. फळांच्या गाडीवाल्या गृहस्थांसाठी मी हिशेबाचा एक कागद वेगळा काढून ठेवला आहे.